माझं एक वाक्य राहिलं

शिरूर,
सोमवार, दुपार

प्रिय सम्राट,

सप्रेम जय भीम. तुझे फोन मी मुद्दामच उचलत नव्हते. चार्जिंग संपलं, गाडीत रेंज नव्हती, मशीनपाशी फार आवाज होता, असं जे जे मी मेसेजमध्ये लिहिलं ते सगळं खोटं होतं. तुझा प्रश्न एकच, 'ताई, आबांना सांगितलंस का?' आणि माझं उत्तरही एकच, नाही. ऑक्टोबरात तू मला कळवलंस की तुमचं जर्मनीचं नागरिकत्व मंजूर झालं, एप्रिलमध्ये समारंभ करून कागद हातात देतील, आणि तो घेतला की आपला निळा पासपोर्ट परत करावा लागेल, कारण त्यांना दोन चालतात पण आपल्याकडं चालत नाहीत. वर म्हणालास, तू योग्य वेळ बघून आबांच्या कानावर घाल, तुझं ते ऐकतात. हे तुला कुणी सांगितलं रे? मी चहात साखर कमी घातली तर ते माझ्यादेखत बिस्किटांचा दुसरा पुडा फोडतात. तिकडं बसून तुला योग्य वेळ दिसत असेल, मला मात्र सगळा हिवाळा गेला तरी ती सापडली नाही.

आपल्या घरात या गोष्टीला योग्य वेळ असूच शकत नाही हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर तू ती माझ्या गळ्यात मारलीस. ज्या घरात सव्वीस नोव्हेंबरला जेवायच्या आधी सगळ्यांनी उभं राहून संविधानाची प्रास्ताविका म्हणायची रीत आहे, जिथं आई तापानं फणफणलेली असतानाही भिंतीला टेकून उभी राहिली होती, तिथं मी काय सांगायचं? की आबा, तुमचा मुलगा आता 'आम्ही भारताचे लोक' मधून बाहेर पडतोय? यंदाही तू, अनुपमा आणि तुमची पोर, तिघं व्हिडिओवर उभे राहिलात. समृद्धीनं तिच्या त्या अडखळत्या, गोड मराठीत सुरुवात केली. आबा वॉकर सोडून उजव्या हातानं दाराची चौकट धरून उभे होते. आणि पहिल्याच ओळीला तुमचा फोन कट झाला. नंतर तू म्हणालास, नेटवर्क गेलं. आबांनी उरलेली प्रास्ताविका एकट्यानं शेवटपर्यंत म्हटली आणि मग जेवायला बसले. तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, म्हणून मीही गप्प बसले.

हे पत्र हातानं लिहितेय, कारण फोनवर तू मधे बोलतोस आणि घरात भिंती पातळ आहेत. कंपनीच्या कँटीनमध्ये बसलेय. आज प्रेसची, म्हणजे पत्रा दाबायच्या मोठ्या यंत्राची, चाचणी आहे आणि दुभाष्याच्या कामात वाट बघणंच जास्त. तुला माझं काम कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटतं मी एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सांगते. पण या कामाचा एक नियम आहे: समोरचा जे म्हणेल ते त्याच्याच तोंडानं म्हणायचं. जर्मन इंजिनिअर म्हणाला, 'मला डोकेदुखी झाली आहे', तर मी 'त्यांना डोकेदुखी झाली आहे' असं म्हणत नाही. मी म्हणते, 'मला डोकेदुखी झाली आहे.' शिफ्टचा माणूस वैतागून म्हणाला, 'मला घरी जाऊ द्या', तर मीही जर्मनमध्ये तसंच म्हणते, मला घरी जाऊ द्या. स्वतःचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. इतकी वर्षं मी हा नियम पाळला. त्याचा परिणाम असा झाला की दिवसभर मी 'मी, मी' करत असते आणि त्यातला एकही 'मी' माझा नसतो.

बाकी माझा दिवस तुला माहीत आहे, किंवा नसेलही. पहाटे उठून आबांचं सगळं आवरायचं, धुरपदामावशी आल्या की त्यांच्या हवाली करायचं, मग दौंडहून चौफुला, केडगाव, न्हावरा करत शिरूर, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. आई गेली, पाठोपाठ आबांची डावी बाजू गेली, तेव्हापासून मी या रस्त्याच्या पलीकडं कुठं गेलेले नाही. लग्नाला, नाही. सहलीला, नाही. पुण्यालासुद्धा आबांच्या डॉक्टरकडंच. आता कारखाने चालू आहेत, त्यामुळं रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. आपली गाडी दोन ट्रॉल्यांच्या मधे सापडली की पुढं ऊस, मागं ऊस, आणि कानात ट्रॅक्टरवाल्याची गाणी. काच खाली करावी तर पाचट आत येतं. कधी कधी माझा तिथं बसल्या बसल्या श्वास कोंडतो. खरंच कोंडतो. मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर यंदा कंपनीनं जर्मनीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला प्रेस सुटा करून इकडं आणला. तो पुन्हा उभा करायला तिघं आले आहेत. हेल्मुट हा सगळ्यांत मोठा, पंचाहत्तरीचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी या यंत्राची खोड त्यालाच कळते म्हणून बोलावून आणलाय. इंग्रजी त्याला मोडकंतोडकं येतं पण बोलत नाही, आपले आबा जसे पुण्यात गेले की मुद्दाम दौंडकडचं बोलतात तसं. मार्लीन बेल्जियमची, पन्नाशीची, प्रकल्पाची प्रमुख, बोलायला मोजकी. आणि इनेस पोर्तुगालची, पंचविशीची, शिकली पोलंडमध्ये, नोकरी जर्मनीत, आणि सुट्टीत आणखी चौथीकडंच. तिला मटण चालत नाही, दूध चालत नाही, पण शिरूरच्या स्टँडवरची मिसळ रोज चालते. मार्लीनला माझ्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवं होतं, दोनदा विचारून झालं होतं, पण ते पुढं सांगते.

आबांनी महिनाभर माझ्यामागं लकडा लावला होता, 'त्या म्हाताऱ्या जर्मनाला एकदा जेवायला आण.' मला वाटलं, रेल्वेतला माणूस, त्याला यंत्रावरचा माणूस भेटायचाय. काल रविवार होता, हेल्मुटलाही दौंड जंक्शन बघायचं होतं, म्हणून सकाळीच शिरूर गाठून तिघांना घेऊन निघाले. पारगावच्या पुलाच्या तोंडाशी एक डबल ट्रॉली पलटी झालेली. ऊस रस्ताभर. ड्रायव्हर पप्पूनं गाडी बंद केली आणि म्हणाला, 'म्याडम, आता क्रेन येईस्तवर हालत न्हाई. मागं बी जाता येत न्हाई.' ऊन चढत होतं. थोडा वेळ सगळे आपापल्या फोनमध्ये होते. मग पप्पूनं आरशातून बघत मला विचारलं, 'म्याडम, ही तिघं एकाच देशाची का वं?' मी म्हटलं, नाही, तिघं तीन देशांची, पण सगळे युरोपचे. 'म्हंजी एकच की,' तो म्हणाला. पाहुण्यांना आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे कळलं होतं, म्हणून मी इमानदारीत त्याचा प्रश्न सांगितला: तुम्ही एकच आहात का? आणि सम्राट, क्रेन येईपर्यंत गाडीत दुसरा विषय निघाला नाही.

हेल्मुट म्हणाला, अर्थातच एक आहोत. त्याचं गाव सरहद्दीवर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्याची आई पलीकडच्या देशातून चोरून कॉफी आणायची, ह्याच्या कोटाच्या अस्तरात शिवून, कारण लहान मुलाला कुणी तपासत नसे. रस्त्यावर एक फाटक होतं, आपल्या रेल्वेच्या फाटकासारखंच, तांबडं-पांढरं. शिपायानं दांडा वर केला की जायचं, खाली असला की थांबायचं. त्याचा बाप त्याच फाटकातून त्याच्या जन्माआधी लढाईला गेला होता आणि परत आल्यावर त्याबद्दल मरेपर्यंत बोलला नाही. हेल्मुट पंचेचाळिशीचा असताना तो दांडा कायमचा काढून टाकला. लोकांनी त्याचे करवतीनं तुकडे केले आणि त्यातला एक अजून ह्याच्या गॅरेजात आहे. म्हणाला, 'माझ्यासाठी युरोप म्हणजे तो नसलेला दांडा. मी कोण आहे, हे मला अजूनही कुणी विचारलं तर मला आधी भीती वाटते, मग बापाची आठवण होते, आणि मग मी म्हणतो, युरोपियन. जर्मन असं म्हणायला मला पन्नाशी यावी लागली.'

मार्लीन शांतपणे म्हणाली की तिची आजी त्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूला राहत होती आणि तिनं लढाईत जर्मन सैनिक येताना पाहिले होते. हेल्मुटला हे माहीत असावं. तो निवृत्त व्हायच्या आधी सहा वर्षं त्या दोघांनी एकत्र काम केलंय. मार्लीन पुढं म्हणाली, आमच्या पिढीनं यावर विश्वास ठेवला, तुम्हा म्हाताऱ्यांनी भीतीपोटी केलं ते आम्ही आवडीनं केलं. चार देशांत शिकली, इंग्रज माणसाशी लग्न केलं. मग त्याच्या देशानं मत देऊन युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं, आणि जो माणूस वीस वर्षं तिच्या घरात राहत होता त्याला राहण्याचं कार्ड काढायला रांगेत उभं राहावं लागलं. घरी येऊन तो मतदानावर चिडला नाही. रांगेतल्या लोकांवर चिडला, की मला त्यांच्यात उभं केलं. मार्लीन म्हणाली, 'तेव्हा मला दिसलं की त्याला युरोप हवा होता तो फक्त आपल्यासारख्या दिसणाऱ्यांचा. हे मला आधी दिसायला हवं होतं.' आता तो तिकडं, ती इकडं.

इनेसनं तोपर्यंत चपला काढून पाय सीटवर घेतले होते. ती म्हणाली, मी जन्मले तेव्हा फाटक नव्हतंच, त्यामुळं ते नसण्याचं कौतुक मला कसं वाटणार, नळाला पाणी येतं याचं कुणी रोज कौतुक करतं का? मग म्हणाली, करोनात मात्र एका रात्रीत सगळी फाटकं पडली, ती पोलंडमधल्या एका खोलीत महिने अडकली, आणि तिला पहिल्यांदा कळलं की पाणी बंदही करता येतं. पण त्याहून मोठी गोष्ट ती म्हणाली ती ही, की फाटक काढलंय असं हेल्मुटला वाटतं, ते फक्त हलवून समुद्रावर नेऊन ठेवलंय, आणि तिथं होड्यांतून माणसं बुडतात. हे मी हेल्मुटला जर्मनमध्ये सांगितलं आणि म्हातारा तापला. म्हणाला, तुला सगळं आयतं मिळालं म्हणून तोंड चालतंय. ती म्हणाली, तुम्हीच दिलंत ना, मग आता दिलेलं परत परत मोजून का दाखवता? आता यात माझी अवस्था बघ. तो जर्मनमध्ये, ती इंग्रजीत, आणि दोघांच्याही वतीनं मीच. एकदा म्हातारा होऊन ओरडायचं, की लगेच पोरगी होऊन उलट बोलायचं. पप्पू तोंड उघडं टाकून आरशात बघत होता. शेवटी म्हणाला, 'म्हंजी एक हायेत बी आन् न्हाईत बी. आमच्या भावकीवानीच हाय की.' हे भाषांतर करताना मला हसू आवरलं नाही, आणि त्यावर तिघंही हसले.

मग पप्पूनं मला विचारलं, 'म्याडम, तुम्ही मूळच्या राहू गावच्या ना? कुठल्या आळीच्या?' हा प्रश्न तुला पाठ आहे. मी म्हटलं, 'पप्पू, आम्ही जय भीमवाले.' तो 'व्हय व्हय' म्हणाला आणि उगाचच एसी वाढवला. पोरगा वाईट नाही. इनेसनं विचारलं, तो काय म्हणाला? मी सांगितलं, मी मूळची कुठली ते विचारतोय. ती म्हणाली, मलाही जर्मनीत रोज विचारतात. मला समृद्धीची आठवण झाली. शाळेत तिला बाईंनी विचारलं, तू खरी कुठली, आणि ती म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरची. तू ते फोनवर हसत सांगितलं होतंस. मी हसले नव्हते, तुझ्या लक्षात आलं नसेल. पुलावरून नदी दिसत होती, म्हणून मी त्या तिघांना आपल्या आजीचं सांगितलं, आक्काबाईनं छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव टोपलीत घातले आणि भर दिवसा नदीत नेऊन सोडले ते. हेल्मुटनं विचारलं, तिला भीती नाही वाटली? मी म्हटलं, आजी सांगायची, देवाची न्हाई वाटली, गावाची वाटली.

दौंडला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेले. धुरपदामावशींनी रस्सा इतक्यांदा गरम केला होता की त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. इनेससाठी हुलग्याची शेंगोळी केली होती, ती तिनं ताट पुसून खाल्ली. हेल्मुटनं भाकरी सुरी-काट्यानं कापली आणि आबांनी ते न हसता बघितलं, हे विशेष. मी ताट वाढून घेतलं तसं आबा मला म्हणाले, 'तू मागनं जेव. आदी तुझं काम कर.' आणि बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत, माझ्याकडं न बघता म्हणाले, 'त्यास्नी इचार, तुमच्या देशात भायेरचा माणूस आला, कागदावर तुमच्यातला झाला, तर तुम्ही त्याला आपला म्हणता, का नुसता कागद बघता?'

माझ्या हातातली पळी खाली पडली. पण नियम तो नियम. मी विचारलं. हेल्मुटनं काटा खाली ठेवला. म्हणाला, 'मी म्हणतो. माझा मुलगा म्हणत नाही. याच गोष्टीवरून आम्ही बाप-लेक आता एका टेबलावर जेवत नाही. आणि माझ्या नातीला हा प्रश्नच कळत नाही, तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली तशाच आहेत.' मला वाटत होतं, माणूस पिढी पिढीनं मोकळा होत जातो. हेल्मुटच्या घरात मधलीच पिढी मागं फिरली. आबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'खरं बोलला. गोड बोलला असता तर मला भ्या वाटलं असतं.' मग म्हणाले, 'आता माझं सांग. माझा ल्योक सम्राट तिथं हाय. तो तुमच्यातला व्हनार हाय. माझी ना न्हाई. माझ्या आयनं धर्म सोडला तवा गावाला इचारलं न्हाई, मंग माझ्या पोरानं मला कशाला इचारावं? पर सांगायचं तरी. तेवढंच वाईट वाटलं. त्याच्याकडं ध्यान ठेवा.'

सम्राट, मला ते म्हणावं लागलं. 'माझा मुलगा सम्राट तिथं आहे. तो तुमच्यातला होणार आहे. माझी हरकत नाही.' माझा मुलगा, असं. मी म्हटलं, सगळं म्हटलं, एक शब्द गाळला नाही. मग मराठीत विचारलं, आबा, तुम्हाला कुणी सांगितलं? समृद्धीनं सांगितलं होतं, डिसेंबरात, तू शेजारच्या खोलीत असताना. आबा, आमचा पण समारंभ आहे, केक आहे, तुम्ही पण या. आबांनी तिला बजावलं की बापाला बोलू नकोस, त्याला सांगू दे. आणि त्या चिमुरडीनं ते आजवर पोटात ठेवलंय. तू घाबरून गप्प, मी घाबरून गप्प, पोर वचन दिलं म्हणून गप्प, आणि तो म्हातारा रोज संध्याकाळी तुझ्या फोनची वाट बघत, की आज तरी सांगेल. मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस. माझाही आला.

पण तेवढ्यावर थांबलं नाही. खीर वाढत होते तेव्हा आबा पुन्हा बोलायला लागले. 'आन् त्यास्नी सांग, ही माझी थोरली, करुणा. हिला शिकाया म्हनून मी पुन्याच्या शटलचा पास काढून दिला. तिकडची भाषा ही शिकली आन् तिकडं गेला तो. हिला मी हितं डांबून ठिवलंय. ती कवा म्हननार न्हाई, पर मला दिसतंय.' सम्राट, हे मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक वाक्य गिळलं. हेल्मुटला जर्मनमध्ये म्हटलं, वडील म्हणताहेत, आणखी खीर घ्या. त्या भल्या माणसानं लगेच वाटी पुढं केली. आबा त्या वाटीकडं बघत राहिले आणि म्हणाले, 'माझं एक वाक्य राहिलं.' मी म्हटलं, नाही आबा, सगळं सांगितलं. 'न्हाई सांगितलंस. मघाशी सम्राटचं नाव घेतलं, ते त्यांच्या भाषेत बी ऐकू आलं. आत्ता तुझं नाव घेतलं मी. ते आलं न्हाई.'

मग मी वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. त्या कामाच्या नियमानं, त्यांच्या तोंडानं. ही माझी थोरली मुलगी करुणा. हिला मी इथं डांबून ठेवलं आहे. ती कधी म्हणणार नाही, पण मला दिसतं. स्वतःबद्दल असं, बापाचा 'मी' होऊन बोलायची वेळ कुणावर येऊ नये. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. इनेस उठून माझ्याजवळ आली. मार्लीन जागची हलली नाही, फक्त माझ्याकडं बघत राहिली, कारण तिला ठाऊक होतं की मी तिला दोनदा जे 'नाही' म्हटलं ते माझ्या मनातलं नव्हतं. आबांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. नंतर पाहुण्यांना जंक्शन दाखवायला पप्पूला पाठवलं, मी गेले नाही. आबांच्या शेजारी बसून आधी गार भाकरी खाल्ली आणि मग उरलेली खीर.

आता हे पत्र का, ते सांगते. मार्लीननं मला जानेवारीत विचारलं होतं की दुसरा प्रेस सुटा करून इकडं पाठवायचाय, त्यासाठी हेल्मुटच्या गावी एप्रिल ते ऑगस्ट दोन्ही भाषांचं माणूस हवं आहे, येशील का? मी दोनदा नाही म्हटलं, आबांचं कारण दिलं, आणि तुला कळवलंसुद्धा नाही, कारण तू 'जा ना ताई' म्हणाला असतास आणि फोन ठेवून दिला असतास. आज सकाळी मी तिला हो म्हटलं. समारंभाची तारीख पुढं मागून घेता येते असं हेल्मुट म्हणतो, ती तू मागून घे. आणि तो निळा पासपोर्ट परत करायच्या आधी एकदा त्याच्यावर ये, आपल्याच घरी कुणाची परवानगी न मागता येण्याची तुझी ती शेवटची वेळ आहे. मार्चअखेरीस ये आणि ऑगस्टपर्यंत राहा. तुला सहा महिन्यांच्या आत परतावं लागतं, नाहीतर तिथला राहण्याचा परवाना जातो, हे मला माहीत आहे, म्हणून पाचच मागतेय. काम तू लॅपटॉपवर करतोस, दौंडला वीज जाते पण येतेही. अनुपमाशी काय बोलायचं ते तुझं तू बोल. आबांना उजव्या कुशीवरून उठवायचं असतं, बाकी धुरपदामावशी शिकवतील, आणि जे आबांना सांगायचं राहिलंय ते त्यांच्यासमोर बसून सांग. कदाचित तुला नाही जमणार, कदाचित आता तूच माझे फोन उचलणार नाहीस. पण दिवसभर मी दुसऱ्यांचं बोलते, रे. हे कुणाचंही भाषांतर नाही. मला जायचंय. तू ये.

तुझीच,
करुणाताई